पाण्याचा रंग विचारणारं एमआरआय केंद्र

हा आढावा गुडघ्याच्या एमआरआय तपासणीचा आहे. डावा गुडघा तोच, केंद्रं दोन, मधे चार महिने. दोन्हीकडे यंत्र १.५ टेस्लाचंच, म्हणजे चुंबकाची ताकद सारखीच. पहिल्या ठिकाणी माझा आजार सापडला नाही, दुसऱ्या ठिकाणी सापडला. नावं लिहीत नाही. पहिल्याला चारचौघांत दोष द्यायचा नाही, आणि दुसरं तुमच्या जवळ असेलच असं नाही. पण दुसऱ्या केंद्रात जे झालं ते कुठल्याही केंद्रात होऊ शकतं आणि रुग्णाला ते मागून घेता येतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, कारण त्याचा इथे थेट संबंध आहे. मी रसायनशास्त्रात संशोधन करते. गेली अकरा वर्षं दुर्मीळ मृदा धातूंचे चमकणारे कॉम्प्लेक्स, म्हणजे मधे धातू आणि भोवती त्याला बांधलेले रेणू असे संयुग, बनवायचे आणि त्यांचा प्रकाश मोजायचा, हेच माझं काम. युरोपियमचा चांगला कॉम्प्लेक्स बाटलीत पडलेला असतो तेव्हा खडूच्या भुकटीसारखा दिसतो, कुणी वळून बघणार नाही असा. खोलीतला दिवा घालवून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा त्यावर धरला की तीच भुकटी निखाऱ्यासारखी लाल पेटते. टर्बियमचा कॉम्प्लेक्स तसाच पोपटी हिरवा उजळतो. गंमत अशी की हे धातू स्वतः प्रकाश फारसा शोषत नाहीत. त्यांच्याभोवती बांधलेला सेंद्रिय रेणू अतिनील प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा आत धातूच्या हातात देतो. रसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल वाइसमन यांनी १९४२ साली हे दाखवून दिलं. आम्ही आजही त्या रेणूला अँटेना म्हणतो.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात युरोपियम ६३, टर्बियम ६५. मधला ६४ म्हणजे गॅडोलिनियम. एक लाल, एक हिरवा आणि मधला काळोखा. गॅडोलिनियमची पहिली उत्तेजित पातळी इतकी उंच असते की अँटेनाची ऊर्जा तिथवर पोचतच नाही. नेमक्या याच कारणासाठी आम्ही गॅडोलिनियमचा कॉम्प्लेक्स मुद्दाम बनवतो. धातू ऊर्जा घेत नाही म्हटल्यावर ती अँटेनाकडेच राहते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना थंड करून तिचा मंद उजेड मोजला की अँटेनाची पातळी कळते. थोडक्यात, गॅडोलिनियम हा आमच्या प्रयोगशाळेतला संदर्भाचा नमुना. अकरा वर्षं मी तो असाच वापरला. तो एक दिवस माझ्याच शिरेत जाईल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आता गुडघा. सुरुवात अगदी साधी होती. गुडघा सुजायचा, आठवडाभराने उतरायचा, पुन्हा सुजायचा. मी पडले नव्हते, पाय मुरगळला नव्हता. दुखणं बेताचंच, ताठरपणा जास्त. प्रयोगशाळेत सगळ्यात खालच्या कप्प्यातली बाटली काढायला उकिडवं बसलं की आत काहीतरी मधे आल्यासारखं व्हायचं, आणि पाय सरळ करताना दोन-तीन झटके द्यावे लागायचे. दीड वर्ष असंच गेलं. शेवटी एकदा सूज खूप वाढलेली असताना ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. चाळीसेक मिलिलिटर निघालं. सिरिंज उजेडाकडे धरली तेव्हा मी बघतच राहिले. गंजलेल्या टाकीच्या तळाला साठतं तसं पाणी. तपकिरी, तांबूस, गढूळ. ताजं रक्त असं दिसत नाही. लोहाच्या क्षारांचा रंग मी रोज बघते. हे जुनं लोह आहे, असं त्या क्षणी वाटून गेलं. पण मी डॉक्टर नाही, आणि तिथे टेबलावर पाय लांब करून बसले होते, म्हणून काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर रक्तमिश्रित पाणी असं लिहिलं. एमआरआयच्या चिठ्ठीवर मात्र दोनच शब्द गेले: डावा गुडघा, सूज. रंग त्या चिठ्ठीपर्यंत पोचलाच नाही.

पहिल्या केंद्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वेळेवर आत घेतलं, वीसेक मिनिटांत सोडलं, रिपोर्ट संध्याकाळी हातात. सांध्यात पाणी, मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीची) किंचित झीज, सांध्याचं अस्तर थोडं जाड. या तीन गोष्टींपैकी झीज सगळ्यांनी उचलली आणि पुढचे चार महिने मी झिजेचे व्यायाम केले. स्वच्छता चांगली, माणसं नम्र, वेळ पाळलेली. तपासणीच्या दिवशी मला विचारलं असतं तर मी पाच तारे दिले असते.

सूज हटेना म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या केंद्रात पाठवलं आणि या वेळी चिठ्ठीवर कॉन्ट्रास्टसह असं लिहिलं, म्हणजे चित्रात फरक ठळक दिसावा म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन. तिथे पहिलाच अनुभव वाट बघण्याचा. दिलेल्या वेळेनंतर तब्बल पन्नास मिनिटं बाकावर. वैतागले होते. तेवढ्यात रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले, हातात माझी चिठ्ठी आणि जुनी सीडी. शेजारी बसले आणि विचारायला लागले.

“गुडघ्यातलं पाणी कधी काढलं होतं का?”

“हो, चार-साडेचार महिन्यांपूर्वी.”

“रंग कसा होता?”

दीड वर्षात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी सांगितलं, गंजासारखा, तपकिरी-लाल.

“मार लागला होता? रक्त पातळ करायच्या गोळ्या? घरात कुणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास?”

“नाही, नाही आणि नाही.”

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “जुन्या तपासणीत एक सिक्वेन्स घेतलेला नाही. तो आपण घेऊ. पाच मिनिटं जास्त लागतील.” आणि उठून आत गेले. सिक्वेन्स म्हणजे यंत्राने चित्र घ्यायची एक ठरावीक पद्धत.

माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एवढं मोठं यंत्र, पण ते विचारलं तेवढंच सांगतं. काय विचारायचं, हे बाकावरच्या त्या दोन मिनिटांत ठरलं.

आत टेक्निशियन ताईंनी फॉर्म भरून घेतला. शरीरात पेसमेकर, क्लिप, धातूचा तुकडा आहे का. गरोदर आहात का. मूत्रपिंडाचा आजार, दमा, आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी. नुसत्या खुणा करून घेतल्या नाहीत, एकेक प्रश्न वाचून दाखवला. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट बघितला, वजन काट्यावर घेतलं. मी विचारलं, कॉन्ट्रास्ट कुठला देणार? असा प्रश्न त्यांना रोज येत नसावा, पण त्या थांबल्या आणि बाटली माझ्यासमोर धरली. गॅडोटेरेट. म्हणजे गॅडोलिनियम आणि त्याला जखडून ठेवणारा डोटा नावाचा रेणू. माझा जीव भांड्यात पडला.

का, ते सांगते. गॅडोलिनियमचा मोकळा आयन विषारी असतो. आकाराने तो कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास असल्याने शरीरात कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून तो नेहमी एका रेणूत जखडूनच दिला जातो, आणि हे जखडणं दोन तऱ्हांचं असतं. एका तऱ्हेत रेणू लांब साखळीसारखा धातूभोवती गुंडाळलेला असतो. १९८८ साली पहिल्यांदा वापरात आलेला डीटीपीएचा कॉन्ट्रास्ट या प्रकारातला. दुसऱ्या तऱ्हेत रेणू मुळातच बंद कड्यासारखा असतो आणि धातू त्याच्या आत बसतो. डोटा तो. साखळी एका टोकाकडून हळूहळू उलगडू शकते. कड्याला टोकच नाही, त्यामुळे धातू सुटायला फार कठीण जातं. २००६ साली मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांमध्ये त्वचा कडक होत जाणाऱ्या एका गंभीर आजाराचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला, तो प्रामुख्याने साखळीच्या कॉन्ट्रास्टशी. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये साखळीच्या बहुतेक कॉन्ट्रास्टचा वापर थांबवायला सांगितला. माझी मूत्रपिंडं ठणठणीत होती, तरी कड्याचा कॉन्ट्रास्ट बघून बरं वाटलं. तुम्हीही नाव विचारा. विचारण्यात गैर काही नाही, आणि चांगलं केंद्र सांगतंच.

मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल. माझं वजन ५८ किलो, म्हणजे ११.६ मिलिलिटर. सिरिंज भरली जात असताना मी मनात हिशेब केला: त्यात सुमारे ०.९ ग्रॅम गॅडोलिनियम. प्रयोगशाळेत मी युरोपियम क्लोराइडचे पन्नास मिलिग्रॅम तोलते तेव्हा काट्याची काच बंद करून श्वास रोखून बसते. इथे त्याच्या कितीतरी पट धातू काही सेकंदांत शिरेतून जाणार होता. द्रव पाण्यासारखा नितळ. आमच्या बाटलीतला गॅडोलिनियमही असाच, कुठलाही रंग न दाखवणारा.

पाय कॉइलमध्ये नीट बसवून बाजूंनी फोमचे तुकडे ठासले. कानात बोळे, वर हेडफोन. “ताई, कंबरेपासून खाली अजिबात हलू नका, काही वाटलं तर हा फुगा दाबा,” असं सांगून रबरी फुगा हातात दिला. आवाजाबद्दल सगळेच बोलतात. मला थंडीचा जास्त त्रास झाला. खोली गार ठेवावी लागते हे मान्य, पण चादर मी मागितल्यावर आली. ती आधीच द्यायला हवी, कारण माणूस कुडकुडला की पाय हलतो आणि फोटो बिघडतात. कॉन्ट्रास्ट जाताना कोपरापासून खांद्यापर्यंत गारवा चढत गेला. मळमळ नाही, तोंडाला चव नाही, काही नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं आणि मगच हातातली सुई काढली.

बाहेर आल्यावर रेडिओलॉजिस्टना विचारलं, चित्रं बघू शकते का? मी कुठे काम करते हे त्यांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून दिली.

पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं. दोन्हीत तोच काप, तोच गुडघा. डावीकडच्या नेहमीच्या सिक्वेन्समध्ये पाणी पांढरं, आणि अस्तराच्या कडेला करडे-काळपट पट्टे. कुणीही जाड अस्तर म्हणून सोडून द्यावेत असे. उजवीकडे पाच मिनिटं जास्त घेतलेला ग्रेडियंट एको. त्यात तेच पट्टे शाई सांडल्यासारखे काळेभोर, मूळ जागेपेक्षा मोठे पसरलेले. वाटीच्या वरच्या पिशवीत, सांध्याच्या मागच्या बाजूला, क्रूसबंधांच्या (गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जाणाऱ्या अस्थिबंधांच्या) आजूबाजूला. “याला आम्ही ब्लूमिंग म्हणतो,” ते म्हणाले. “हे लोह आहे.”

ते असं होतं. सांध्याच्या अस्तरात वारंवार थोडं थोडं रक्त झिरपतं, पेशी ते गिळतात, आणि त्यातलं लोह हिमोसिडरिन म्हणून तिथेच साठून राहतं. हे लोह आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं. नेहमीच्या स्पिन एको प्रकारात मधे एक स्पंद देऊन हे विस्कटणं बरंचसं सावरून घेतलं जातं, म्हणून चित्र सुबक येतं आणि लोह लपतं. ग्रेडियंट एकोमध्ये ते सावरणं नसतं. विस्कटलेलं तसंच दिसतं.

ऐकताना मला माझं रोजचं काम आठवलं. युरोपियमचा प्रकाश मोजताना नमुन्यातल्या इतर सेंद्रिय पदार्थांचा उजेडही यंत्रात शिरतो आणि आमचा लाल प्रकाश त्यात बुडून जातो. पण तो बाकीचा उजेड नॅनोसेकंदांत विझतो. युरोपियमचा अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत टिकतो, कित्येक हजार पट जास्त. म्हणून दिव्याचा झोत पडल्यावर यंत्राला शंभर मायक्रोसेकंद डोळे मिटायला सांगायचं आणि मग उघडायला. यंत्र तेच, नमुना तोच. एक आकडा बदलला की कोऱ्या वाटणाऱ्या नमुन्यात ६१२ नॅनोमीटरची लाल रेघ उभी राहते. नव्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते. माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर तोच धडा कुणीतरी गिरवून दाखवला.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आत जाताना मला वाटलं होतं की निदान करणार ते माझं गॅडोलिनियम. तसं झालं नाही. निदान माझ्याच रक्तातल्या लोहाने केलं, कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधीच. गॅडोलिनियमने नंतर अस्तर उजळून रोगाचा पसारा स्पष्ट केला, कुठे साधं पाणी आणि कुठे वाढलेलं जिवंत अस्तर हे वेगळं करून दाखवलं. शस्त्रक्रियेच्या आखणीला ते उपयोगी पडलंच. एकाने चित्र काळं केलं, दुसऱ्याने उजळवलं, आणि दोघांच्याही मुळाशी गोष्ट एकच: जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन. लोहाच्या आयनात पाच, गॅडोलिनियमच्या आयनात सात. अतिनील दिव्याखाली कायम काळोखा राहिलेला माझा संदर्भाचा नमुना तिथे पडद्यावर उजळलेला बघून मी थोडा वेळ काही बोललेच नाही.

आता या केंद्राची मोठी चूक. रिपोर्ट तीन दिवसांनी मिळाला, तो काउंटरवर, बंद लिफाफ्यात. रेडिओलॉजिस्ट त्या दिवशी नव्हते. लिफाफा उघडला तर लिहिलेलं: डिफ्यूज टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमरशी मिळतंजुळतं, बायोप्सीने खात्री करावी. चित्रं बघताना लोह, अस्तर, रक्त हे सगळं बोलणं झालं होतं, पण ट्यूमर हा शब्द आला नव्हता. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “डॉक्टरांना दाखवा.” मी विज्ञानात काम करते, तरी जिन्याच्या पायरीवर बसून तो शब्द चार वेळा वाचला. ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही त्याचं काय होत असेल? असा रिपोर्ट देताना तिथे कुणीतरी समजावून सांगणारं हवं, निदान एक फोन हवा.

तिथे मला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते. ही गाठ कर्करोगाची नव्हे. शरीरात दुसरीकडे पसरणं अत्यंत विरळा. पण सांध्याच्या आत ती चिवट असते, कूर्चा आणि हाड पोखरू शकते, आणि काढली तरी परत येऊ शकते. हिचे दोन प्रकार. एक मर्यादित, एकाच जागी गोळा असलेला. दुसरा माझ्यासारखा, सगळ्या अस्तरभर पसरलेला. पसरलेला प्रकार सर्वांत जास्त गुडघ्यातच होतो, आणि बहुधा तरुण किंवा मध्यम वयात. १९४१ साली जाफे, लिश्टेनश्टाइन आणि सुट्रो यांनी तिला पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस असं नाव दिलं. पुष्कळ डॉक्टर अजून पीव्हीएनएसच म्हणतात, त्यामुळे दोन कागदांवर दोन नावं दिसली तर घाबरू नका. तेव्हा ती दाहाचा प्रकार समजली गेली होती. नंतर कळलं की काही पेशींमध्ये सीएसएफ-वन नावाच्या जनुकाची जागा बदललेली असते आणि त्या पेशी एक प्रथिन भरमसाट बनवत राहतात. त्या प्रथिनाच्या हाकेवर शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी धावत येतात आणि गर्दी करून बसतात. गाठीचा मोठा भाग या गर्दीचाच. बिघडलेल्या पेशी थोड्या, बोलावलेल्याच जास्त. हे वाचलं तेव्हा मला माझ्या गुडघ्याबद्दल उगाचच थोडी माया वाटली.

शस्त्रक्रियेबद्दल इथे थोडक्यातच, कारण आढावा तपासणीचा आहे. दुर्बिणीतून पुढून आणि मागून दोन्हीकडून अस्तर काढलं. सर्जननी नंतर आतला फोटो दाखवला: तपकिरी-पिवळसर झिपऱ्या, ओढ्यातल्या दगडावर शेवाळ डुलावं तशा पाण्यात तरंगत होत्या. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: अनेक केंद्रकं असलेल्या महाकाय पेशी, हिमोसिडरिन भरलेल्या पेशी. निदान पक्कं. सर्जन म्हणाले की मागच्या कप्प्यात शिरायचं हे त्यांनी एमआरआयच्या चित्रांवरूनच ठरवलं होतं. पहिल्या रिपोर्टच्या भरवशावर राहिलो असतो तर मागचं अस्तर तसंच आत राहिलं असतं. ज्यांना शस्त्रक्रियेने भागत नाही त्यांच्यासाठी आता त्या प्रथिनाची हाक अडवणाऱ्या गोळ्याही आहेत. अमेरिकेत पेक्सिडार्टिनिबला २०१९ मध्ये आणि विम्सेल्टिनिबला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पहिलीत यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका असल्यामुळे मान्यता देतानाच कडक देखरेखीची अट घातली गेली. मला आजवर त्यांची गरज पडलेली नाही.

सहा महिन्यांनी त्याच केंद्रात फेरतपासणीला गेले. या वेळी चादर आधीच ठेवलेली होती. मी कॉन्ट्रास्टच्या तयारीने क्रिएटिनिन करून गेले होते, पण रेडिओलॉजिस्ट म्हणाले, “या वेळी नको. लोहाचा सिक्वेन्स घेऊ आणि आधीच्याशी ताडून बघू. शंका आली तरच देऊ.” हे मला फार आवडलं. कड्याचा कॉन्ट्रास्ट सुरक्षित आहे असं मी वर लिहिलं, ते खरंच. तरीही गॅडोलिनियमचा काही अंश शरीरात मागे राहू शकतो हे २०१४ पासूनच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. उरलेला लघवीवाटे बाहेर पडून सांडपाण्यात जातो. १९९६ सालीच जर्मनीतल्या नद्यांच्या पाण्यात त्याची नैसर्गिकपेक्षा जास्त पातळी मोजली गेली. माझ्या आवडीचा धातू आहे तो, पण गरज नसताना द्यायची गोष्ट नव्हे, आणि देणाऱ्यालाही तसंच वाटतंय हे बघून विश्वास वाढला.

चित्रं चांगली आली. पुढचा भाग स्वच्छ. मागे, क्रूसबंधाच्या पायथ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका. उरलेलं जुनं लोह की परत आलेली गाठ, हे एका चित्रावरून ठरत नाही. सहा महिन्यांनी तो वाढलाय का ते बघायचं.

तारे. पहिल्या केंद्राला दोन: वेळ पाळली, यंत्र चांगलं, पण कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्याला चार. पाचवा तारा त्या काउंटरवरच्या लिफाफ्यासाठी राखून ठेवलाय. पन्नास मिनिटांच्या खोळंब्याचे मी काही कापत नाही, कारण ज्याच्यासाठी थांबले तो माणूस रुग्णांशी बोलत बसतो म्हणूनच उशीर होतो, हे आता मला माहीत आहे. सीडी मात्र घरच्या संगणकावर उघडत नाही, दोन्ही वेळा उघडली नाही. काउंटर सोडण्याआधी तिथेच उघडून बघा.

आणि जाताना जुने फोटो, जुना रिपोर्ट, पाणी काढलं असेल तर त्याची तारीख, किती निघालं आणि रंग, हे कागदावर लिहून न्या. जमलं तर भरलेल्या सिरिंजचा पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा. माझ्याकडे तो नाही. माझ्या पुढच्या तपासणीच्या फाइलीत मी रंग शब्दांतच लिहून ठेवलाय: गंजाचा, तपकिरीकडे झुकणारा, उजेडात तांबूस.